चांदण्यांचा मुकुट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोजागरीच्या कार्यक्रमातला तो मुकुट कसा केला ते सांगा, असा आग्रह गेले काही महिने चालला आहे. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, कोणी ना कोणी विचारतेच. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा सगळ्यांना बसवून एकदाच सांगावे, असे चिटणीसबाईंनी ठरविले आणि मला आज इथे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, सभेत बोलण्याची सवय नाही. तेव्हा शास्त्रातले शब्द थोडे आणि सुईकात्रीचे जास्त, असे हे बोलणे होणार. ते गोड मानून घ्यावे. मुकुट मी पिशवीतून आणला आहे. बोलणे झाल्यावर हातात घेऊन अवश्य पाहा, फक्त टोके ओढू नका.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून मुकुटाचे कारणच कळणार नाही. 2023 च्या कोजागरीला आपण मुलांचे नाटुकले बसविले होते, ते आपणांस आठवत असेल. त्यातल्या परीसाठी लुकलुकत्या दिव्यांचा मुकुट एका पोशाखवाल्याकडून भाड्याने आणला होता. दिसायला झगमगीत, पण आतल्या तारांचे सांधे उघडे होते आणि वरून जरीची झालर चिकटविलेली. जर म्हणजे धातूच. नाचता नाचता झालर सांध्यावर बसली, दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि तार तापली. पोरीच्या कानामागे टपोरा फोड आला. आठ वर्षांची पोर, पण गाणे संपेपर्यंत रंगमंच सोडला नाही आणि आत आल्यावर रडली. तिची आई, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी, कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “माझ्या मुलीच्या डोक्यावर पुन्हा दिवा नको.”

पुढल्या वर्षी, 2024 साली, नाटुकल्यात ‘रात्र’ हे मुख्य काम तिच्याच वाट्याला आले, कारण तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही. वहिनींनी काम करायला होकार दिला, पण अट तीच. आता रात्र म्हटली की चांदण्या आल्या. दुसऱ्या मुलीला मुकुट घालावा, अशीही कुजबुज झाली. मुलगी शहाणी, काही बोलली नाही. मात्र सरावाला येई ती मागच्या बाकावर बसून राही. ते मला पाहवेना.

आमच्या शोकेसमध्ये लग्नात आहेर आलेला एक दिवा आहे. पुष्कळांच्या घरी असेल. खाली गोल डबी, तिच्यातून कारंज्यासारखे उसळलेले केसाएवढे पारदर्शक तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाशी उजेडाचा एक ठिपका. दिवाळीची साफसफाई आधीच काढली होती, तेव्हा तो लावून पाहिला. डबीला हात लावला तर आतल्या बल्बने ती चांगलीच तापलेली; आणि तंतूंच्या टोकांवरून हात फिरविला तर ती थंडगार! मनात आले, की डबी खाली राहिली आणि नुसती टोकेच डोक्यावर गेली, तर? विजेने डोक्यापर्यंत जायचेच नाही, जायचे ते उजेडाने. सगळा मुकुट या एका गोष्टीवर उभा आहे.

हे तंतू पोकळ नळीसारखे असतील असे मला आधी वाटे. तसे नाही, ते भरीव असतात. आत स्वच्छ अ‍ॅक्रिलिक आणि बाहेरून दुसऱ्या प्लॅस्टिकचा अगदी पातळ लेप. उजेड एका टोकातून शिरला की कडेला तिरका आपटतो, पण बाहेर न पडता पुन्हा आत वळतो, पुन्हा आपटतो, पुन्हा वळतो, आणि असा थेट दुसऱ्या टोकाला बाहेर येतो. घरी पाहायचे असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा, खोलीत अंधार करा आणि भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत टाका. पाण्याची धार वाकून खाली पडते आणि उजेडही तिच्याबरोबर वाकतो. खाली हात धरला तर तळहातावर उजेड सांडतो. मुलांना हे जरूर दाखवा, मात्र खाली परात ठेवा.

हा धारेचा प्रयोग जिनिव्हाच्या कोलाडन नावाच्या प्राध्यापकांनी करून 1842 साली छापून प्रसिद्ध केला. तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेण्याचे काम मात्र आपल्याकडच्या माणसाच्या नावावर आहे. पंजाबातल्या मोग्याला 1926 साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकायला गेले आणि तेथे आपले प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर 1954 साली त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव त्यांनीच रूढ केले. 2020 साली ते वारले आणि पुढल्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. पोटाची दुर्बिणीने तपासणी करतात, तेव्हा आत उजेड नेतात तो अशाच तंतूंनी. आमच्या सासूबाईंची ती तपासणी झालेली आहे. मी मुकुटाला तेच लावते आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या पोटात गेलेले पोरीच्या डोक्यावर चालेल, घे!”

डोक्यावर दिवे मिरविण्याची हौस मात्र जुनी आहे. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 1882 साली गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे ‘आयोलँथी’ हे संगीत नाटक लागले, तेव्हा पऱ्यांचे काम करणाऱ्या नट्यांच्या केसांत विजेचे चिमुकले दिवे होते आणि बॅटरी अंगावरच बांधलेली होती. थोरल्या मुलीने हे मोबाइलवर वाचून दाखविले, तेव्हा मला त्या नट्यांची काळजीच वाटली. असो.

आता प्रत्यक्ष करण्याकडे वळते.

शोकेसमधल्या दिव्याचे तंतू फार बारीक आणि जुने होऊन कडक झालेले असतात, ते घेऊ नयेत. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन पाऊण मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू 40 मीटर आणला. मखमल आणि मणी भुलेश्वरचे. दुकानात ‘प्लॅस्टिकचा’ हे स्पष्ट सांगा. इंटरनेट जोडायला येणाऱ्या माणसाच्या वायरीतही तंतू असतो, पण तो काचेचा. त्याचा तुकडा बोटात शिरला तर दिसतसुद्धा नाही. फुकट मिळतो म्हणून तो कोणी मुलांच्या वस्तूला लावू नये.

मुकुटाचा सांगाडा अगदी साधा. दोन पदरी पुठ्ठा, डोक्याच्या मापाने वाकवून, पुढे उंच आणि कानांकडे उतरता. वरून काळी मखमल, आतून जुन्या मऊ धोतराचे अस्तर. पण अस्तर सगळ्यांत शेवटी शिवायचे, कारण तंतू आतल्या बाजूनेच ओवावयाचे असतात. मागे रुंद इलॅस्टिक. पूर्ण झाल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर 210 ग्रॅम भरला. भाड्याचा मुकुट उचलून पाहिलेल्या भगिनींना यातला फरक कळेल.

मखमलीवर खडूने चांदण्या आखल्या. नुसत्या विखुरल्या असत्या तरी चालले असते, पण रात्रीच्या डोक्यावर आकाश खरे असावे, असे मला वाटले. म्हणून पुढच्या बाजूला सप्तर्षी घेतले. शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठांचा, आणि त्याला अगदी चिकटून अंधुक अशी अरुंधती. आपल्या लग्नात आपल्याला दाखविली होती तीच. आता तारा ठळक आणि अंधुक करायचा कसा? सातही ऋषींना एकेका भोकात तीन तीन तंतू दिले, म्हणजे 21, आणि अरुंधतीला एकच. बाकीच्या आकाशात एकेरी 28. दोन तंतू आकाशगंगेसाठी राखले. तंतूच्या अंगावर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरविला की तेवढ्या भागात वरचा लेप खरवडला जातो आणि तिथून उजेड झिरपतो. टोकाशीच न उजळता तो तंतू अंगभर मंद उजळतो. ही युक्ती मला फार आवडली. दुधाची धार सांडल्यासारखी दिसते. एकूण तंतू झाले 52, प्रत्येकी 70 सेंटिमीटर.

भोके दाभणाने पाडली. पुठ्ठ्याखाली जुने पायपुसणे ठेवावे, म्हणजे दाभण सरळ उतरते. तंतू आतून बाहेर काढून, आतल्या बाजूला फेव्हिकॉलचा थेंब आणि त्यावर मलमलीची चिंधी, असे करून रात्रभर वाळू दिले. चटकन चिकटणारे जे द्रवरूप गोंद मिळतात, ते येथे उपयोगाचे नाहीत. त्यांनी तंतू पांढुरका पडतो आणि ठिसूळ होऊन मोडतो. मी आधी एका तुकड्यावर लावून पाहिले होते. नखांचे रंग काढावयाच्या पाण्यात अ‍ॅसिटोन असते, तेही याला मारक. गरम गोंदाची बंदूक वापरायचीच असेल तर अगदी कमी तापणारी वापरा, कारण हा तंतू उष्णतेने लगेच मऊ होतो.

तंतू वाकविण्याचेही माप आहे. बांगडीच्या गोलाईने वाकविला तर काही होत नाही. करंगळीभोवती गुंडाळाल तर तेथेच उजेड गळू लागतो आणि घडी पडली तर ती जागा कायमची उजळत राहते, पुढे टोकाला काही पोचत नाही. त्यामुळे आतल्या बाजूला सगळे तंतू सावकाश वळण देऊन मागे आणले. वेणी घालताना बटा कशा एका बाजूला घेतो, तसे.

मागे दोन जुड्या केल्या. सप्तर्षी आणि अरुंधती यांचे 22 तंतू एका जुडीत, बाकीचे 30 दुसरीत. पाच मिलिमीटरच्या एलईडी दिव्याच्या तोंडावर या जाडीचे तीसेक तंतू बसतात, त्याहून जास्त कोंबू नयेत. प्रत्येक जुडी दोऱ्याने बेताने बांधून तिची टोके नव्या ब्लेडने एका फटक्यात सपाट कापली. कात्रीने तंतू चेंगरतो. मग बारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून टोके घासली. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. खडबडीत टोकातून उजेड कमी शिरतो. घासून टोक काचेसारखे झाले की तोंड दिव्याला अगदी टेकवावयाचे आणि दोन्हींवर काळी नळी चढवावयाची. दुकानात ती ‘हीट श्रिंक’ म्हणून मिळते, ऊन लागली की आवळते. मी ती दिव्याच्या बाजूलाच गरम हवेने आवळली आणि तंतूंच्या बाजूला दोरा बांधला.

विजेचे काम ऐकून पुष्कळजणी मागे सरतील, म्हणून सांगते, की ते फोडणी देण्याहून अवघड नाही. तीन पेन्सिल सेल बसतील अशी झाकणाची डबी, त्यांचे मिळून साडेचार व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट पुरतात, म्हणून जास्तीचा जोर अडविण्यासाठी प्रत्येक दिव्याला 100 ओहमचा एक एक रेझिस्टर. दिव्याचा लांब पाय अधिक बाजूला. सांध्यांना डाख दिला तो मीच. ह्यांच्या पेटीत सोल्डरिंगचे आयर्न वर्षानुवर्षे पडून होते. ह्यांनी शेजारी उभे राहून “भाजेल, भाजेल” एवढे सांगण्याची जबाबदारी घेतली. प्रत्येक सांध्यावर वेगळी नळी चढविली. उघडी तार एक जवसभरही ठेवली नाही.

बटणासारखे चपटे सेल हलके असतात आणि पुष्कळजण तेच सुचवितात. मी ते घरात आणू दिले नाहीत. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननळीत अडकला, तर दोन तासांत आतून भाजते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि ज्या डबीचे झाकण स्क्रूने बंद होते, तीच घ्यावी.

ही डबी आणि दोन्ही दिवे कापडी पिशवीत घालून मुलीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, ओढणीखाली. तेथून मुकुटापर्यंत तंतूंच्या दोन जुड्या जायच्या, त्या दिसू नयेत म्हणून काय करावे, यावर माझे दोन दिवस गेले. शेवटी सासूबाईंनी आपले गंगावन काढून दिले. जुड्या मधे सरळ ठेवल्या आणि गंगावनाच्या बटा त्यांच्याभोवती सैल गुंडाळल्या. वेणी घातली असती तर तंतू मुरगळले असते. पाहणाऱ्याला पोरीची लांबसडक वेणीच दिसे आणि त्या वेणीतून उजेड वर चढत होता, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तंतूंची टोके मखमलीबाहेर वीतभर सोडावीत, हलताना झुलतात, असे एका भगिनीने सुचविले होते. दिसते खरे छान. पण रंगमंचावर बारा मुले, फेर धरायचा, आणि टोके बरोबर दुसऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर. शिवाय मला तो झाडू डोक्यावर घेतल्यासारखा वाटतो. मी टोके तांदळाच्या दाण्याहूनही कमी बाहेर ठेवून कापली आणि सप्तर्षींच्या टोकांवर काचेचे पारदर्शक मणी बसविले. मण्यामुळे उजेड बाजूलाही फाकतो, नाहीतर समोरून पाहणाऱ्यालाच दिसतो.

मुकुट झाला, आता खरी परीक्षा पुढे होती. वहिनींकडे जाण्याआधी मी तो स्वतः डोक्यावर घालून, डबी पदराखाली पाठीशी बांधून, दोन तास घरात वावरले. पोळ्या केल्या, केर काढला. दाराशी आलेल्या दूधवाल्याने दोन पावले मागे घेतली, तेवढाच काय तो त्रास झाला. दोन तासांनी दिव्यांना हात लावला, तेही जेमतेम कोमट.

मग संध्याकाळी खाली गेले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी काही समजावीत बसले नाही. मुकुट त्यांच्या हातात दिला आणि म्हटले, “वहिनी, आधी तुम्ही पाहा.” त्यांनी सगळे उलटून पाहिले. अस्तराची एक बाजू मी मुद्दाम शिवली नव्हती, तिथून आत बोटे घालून तार कुठे आहे का ते चाचपले. तार नव्हतीच. मग त्यांनी दिवे लावायला सांगितले आणि बाळाच्या दुधाचा थेंब आपण जसा मनगटावर पाहतो, तसा तो उजळलेला मुकुट मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून धरला. पुष्कळ वेळ धरला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मुलगी दाराशी उभी होती, श्वासही घेत नव्हती. शेवटी वहिनी म्हणाल्या, “आणि डबीचे झाकण?” मी स्क्रू दाखविला. “स्क्रू मी स्वतः आवळीन,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, “तुम्हीच आवळायचा.” तेव्हा मुलीने विचारले, “काकू, यातली अरुंधती कुठली?”

कार्यक्रमाचे आपण सर्वांनी पाहिलेच आहे, तेव्हा ते फार सांगत नाही. एकच तंटा झाला. या तंतूंचा उजेड मंद असतो. ट्यूबलाइटखाली तो दिसतही नाही. मंडपवाल्याचे म्हणणे, रंगमंचावर मोठे झोत हवेतच, नाहीतर फोटो येत नाहीत. आमचे म्हणणे, रात्र यायची असेल तर अंधार हवा. अध्यक्षबाई स्वतः मुख्य बटणापाशी जाऊन उभ्या राहिल्या, म्हणून आमचे चालले. पहिल्या प्रवेशाला आपण फक्त सप्तर्षी लावले होते. दुसऱ्या प्रवेशाआधी पडद्यामागे वहिनींनीच ओढणीखाली हात घालून दुसरे बटण दाबले आणि सगळे आकाश उगवले. फोटो खरेच चांगले आले नाहीत. मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलीचा आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. तो कोणी मोबाइलवर टिपून घेतला असेल तर वहिनींना पाठवावा, त्यांच्याकडे नाही.

खर्च सगळा मिळून हजार रुपयांच्या आत बसला. वेळ मात्र लागतो, दुपारच्या दोन-दोन तासांप्रमाणे मला नऊ दिवस लागले. कोणाला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मोराचा तुरा किंवा फुलांचे शिरोभूषण करावयाचे असेल तर हीच रीत चालते. मोराला निळा आणि हिरवा असे दोन दिवे घ्यावेत. तंतूंचे तीन-साडेतीन मीटर माझ्याकडे उरले आहेत, सरावासाठी कापायला देईन.

मुकुट मंडळाच्या कपाटात वरच्या खणात राहील. तो आडवा ठेवावा, जुड्या मोठ्या वळणाने गोल करून, वर काही रचू नये. ज्यांना न्यायचा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा, आणि परत आणताना तिन्ही सेल काढून वेगळ्या पुडीत बांधून द्यावेत. आत राहिले तर ते पाझरतात आणि डबी गंजते. डबीचा बारीक स्क्रू उघडण्याचा पेचकस वहिनींच्या घरी आहे.